‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी तपासून तरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचऱ्यावर आपल्या दैनिकात जे लिखाण येतं ते मी आवर्जून वाचते. त्यात मोबाईल, टीव्ही, फ्रिज यांची चर्चा असते आणि ती हवीच. पण खिशात मावणाऱ्या छोट्या ध्वनियंत्रांचं काय होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. बॅटरीवर चालणारा, मोबाईलचा क्षीण सिग्नल वाढवून हेडफोनला देणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हे त्यातलंच एक. तो जरा खरखरला की दुकानात ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असं उत्तर मिळतं आणि आणखी कित्येक वर्षं चालली असती अशी वस्तू भंगारात जाते. माझ्या पाहण्यात हे उत्तर बहुतेक वेळा काहीही न मोजता दिलं जातं. खरं तर बरीचशी तपासणी शाळेत शिकलेल्या विज्ञानावर घरच्या घरी होते.

मी रत्नागिरीत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रात्री घर झोपलं की शास्त्रीय संगीत आणि नाट्यगीतं ऐकते, त्यामुळे हेडफोनला पर्याय नाही. माझे हेडफोन ३०० ओहमचे आहेत. मोबाईलमधून येणारा सिग्नल त्यांना पुरत नाही. आवाज पडेल येतो, डग्ग्याची घुमक तर येतच नाही. म्हणून मध्ये हा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. आता अनेक मोबाईलना हेडफोनचा जॅकच राहिलेला नाही, त्यामुळे तरुण मंडळींकडेही अशी यंत्रं दिसू लागली आहेत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा डावा आवाज आधी खरखरू लागला आणि मग गेलाच. साडेसहा हजारांची वस्तू, हमी संपलेली. पुण्याला गेले होते तेव्हा सेवा केंद्रात दाखवला. काउंटरवरच्या मुलाने स्वतःचा इअरफोन लावला, मिनिटभर ऐकलं आणि बोर्ड बदलावा लागेल, चार हजार आठशे होतील, असं सांगितलं. कशावरून, असं विचारल्यावर ‘एक साईड बंद म्हणजे आयसी गेला’ (आयसी म्हणजे आतली चिप) एवढंच उत्तर मिळालं. झाकण उघडलं नव्हतं, मीटर लावला नव्हता. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं असणार. दोष आहे तो न तपासता वस्तू निकालात काढण्याच्या पद्धतीचा.

मी यंत्र परत घेऊन आले आणि वर्गात मुलांना सांगायचे तसंच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुणाच्या मागे जातो ते पाहायचं. हेडफोन थेट मोबाईलला लावले. आवाज बारीक, पण दोन्ही बाजूंनी स्वच्छ, म्हणजे हेडफोन आणि मोबाईल सुटले. अ‍ॅम्प्लिफायरला दुसरी केबल लावली, तरी दोष तिथेच, म्हणजे केबल सुटली. दुसरे इअरफोन लावले, तरी तसंच. मग अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून हेडफोनची पिन बोटाने हलकेच एका बाजूला दाबली आणि डावीकडून तानपुरा भरून आला. बोट काढलं की गेला. आयसी गेला असता तर पिन दाबून तो जिवंत झाला नसता.

चार बारीक स्क्रू काढून झाकण उघडलं आणि भिंगाखाली जॅकची पाठ पाहिली. जॅकचे पाय बोर्डातून आरपार येतात आणि पलीकडे कथलाने जोडलेले असतात. त्यातल्या एका पायाभोवती कथलात केसाएवढी काळी गोल रेघ दिसत होती, पायाच्या चारही बाजूंनी फिरलेली. जोड बाहेरून चकचकीत, आतून सुटलेला. पिन दाबली की पाय कथलाला टेकायचा, सोडली की सुटायचा. रेडिओ दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि त्यांना तो नुसत्या नजरेने ओळखता येतो.

ही चीर पडली कशामुळे, तेही तिथेच कळलं. माझ्या हेडफोनची पिन मोठी, ६.३ मिलिमीटरची. ती ३.५ मिलिमीटरच्या जॅकला लावायला सोबत एक जड धातूचा अ‍ॅडाप्टर येतो. इवल्याशा जॅकमधून तो बोटभर लांब बाहेर लोंबतो आणि वर केबलचं वजन. प्रत्येक हिसक्याचा ताण तरफेसारखा त्या तीन-चार कथलाच्या थेंबांवर जातो. बऱ्याच छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जॅक डब्याला स्क्रूने आवळलेला नसतो, सगळा भार सोल्डरवरच असतो. बाजारात वीतभर लवचीक वायरचा अ‍ॅडाप्टर मिळतो. मोठ्या पिनचे हेडफोन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तोच वापरावा, असं मी कळकळीने सांगेन.

आमच्या बाजारपेठेतल्या एका रेडिओ मेकॅनिककाकांनी जुना कथील ओढून काढला, पाय खरवडून साफ केला, फ्लक्स लावून नवा जोड दिला आणि बाकीचे तिन्ही पायही न सांगता पक्के केले. दीडशे रुपये घेतले. अ‍ॅम्प्लिफायर तेव्हापासून व्यवस्थित चालतो आहे.

दुसरा प्रसंग माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा. त्याची तक्रार ऐकून मला आधी नवल वाटलं: ‘बाई, गाणं वाजतं, पण गाणाऱ्याचा आवाज येत नाही.’ वाद्यं लांबून, पोकळ, दोन्ही कानांच्या कडेला ऐकू येत होती आणि मधला गळा गायब. त्याला दुकानात आतली चिप खराब आहे असं सांगितलं होतं. मी त्याला माझ्याकडच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेलं एक नाट्यगीत लावायला सांगितलं. त्यावर तर जवळजवळ शांतताच. मग त्याच्या इअरफोनच्या वायरवर माईकचं जे बटण असतं ते दाबून धरायला सांगितलं, आणि गाणं पुरं ऐकू येऊ लागलं. बटण सोडलं की पुन्हा गायब.

यात चिपचा काही संबंध नाही. हेडफोनच्या पिनवर टोकाला डावा आवाज असतो, त्यामागच्या कडीवर उजवा आणि मुळाशी दोघांचा परतीचा कॉमन. माईकवाल्या इअरफोनच्या पिनवर मात्र तीनऐवजी चार भाग असतात आणि सध्या सर्रास मिळणाऱ्या इअरफोनमध्ये मुळाशी माईक, त्याच्या आधी कॉमन असा क्रम असतो. तीन भागांसाठी केलेल्या काही जॅकमध्ये कॉमनची पट्टी माईकच्या भागावर टेकते आणि परतीची वाट तुटते. मग डावा आणि उजवा ड्रायव्हर (इअरफोनमधले छोटे स्पीकर) एकापुढे एक जोडल्यासारखे होतात आणि दोन बाजूंच्या सिग्नलमधला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. जुन्या तबकड्या मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, म्हणून त्यावर सगळंच वजा. बटण दाबलं की माईकची तार कॉमनला जोडली जाते आणि वाट पूर्ण होते. साध्या तीन भागांच्या पिनचे इअरफोन लावले आणि तक्रार मिटली. मुलगा तर दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघाला होता! तीन भागांच्या पिनच्याच हेडफोनवर असा गळा गायब झाला, तर कॉमनची तार किंवा जॅकमधला कॉमनचा जोड तुटला आहे हे समजावं.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात सांगते. एका कानाला कमी ऐकू येत असेल तर हेडफोन उलटे घालून पाहावेत. कमी आवाज दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष कानाचा नाही, यंत्र, हेडफोन किंवा मोबाईल यांपैकी कशाचा तरी. त्याच कानाला राहिला तर यंत्र बाजूला ठेवून कान दाखवावा. मळाचा बोळाही असू शकतो आणि आमच्या वयात आणखीही काही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या (अ‍ॅक्सेसिबिलिटी) विभागात डावी-उजवी बाजू कमी-जास्त करणारी एक पट्टी असते. ती चुकून सरकली तर एक बाजू मंद होते किंवा बंदही पडते. ती आधी पाहावी. बाजूंचा समतोल तपासायला मोनो मुद्रणाइतकं चांगलं साधन नाही, गळा बरोबर कपाळाच्या मध्यावर ऐकू आला पाहिजे. आवाजाचं बटण अगदी सुरुवातीला असताना एक बाजू किंचित मोठी वाटणं हा मात्र बिघाड नव्हे. त्या बटणाच्या आत दोन बाजूंसाठी दोन कार्बनच्या पट्ट्या असतात आणि सुरुवातीला त्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. गेनचा (सिग्नल किती पटीने वाढवायचा ते ठरवणारा) खटका कमीवर ठेवून बटण थोडं जास्त फिरवलं की फरक जातो. छोट्या इअरफोनमध्ये बारीक ‘सूं’ आवाज येत असेल तर त्यावरही बऱ्याचदा हाच उपाय.

चार्जिंग चालू असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकावं. गुणगुण थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. दोन पिनच्या चार्जरना अर्थिंगची (जमिनीला जोडणारी) तार नसते. त्यातून अगदी सूक्ष्म गळती होते आणि धातूच्या डब्यावरून बोट फिरवलं तर झिणझिण्याही जाणवतात. मोबाईल आणि अ‍ॅम्प्लिफायर रबरबँडने एकमेकांना बांधण्याची पद्धत आहे, त्यातही मोबाईल टू-जी नेटवर्कवर गेला की टर्रटर्र ऐकू येते. मोबाईल विमान मोडवर टाकून पाहिलं की क्षणात खात्री होते.

आमच्या किनारपट्टीसाठी एक वेगळी सूचना. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पिना आणि जॅक फार लवकर काळवंडतात, कधी हिरवा थर धरतो. बटण फिरवताना किंवा पिन घालताना होणारी खरखर पुष्कळदा तेवढ्यावरच असते. यंत्र बंद करून पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एखादा फवारा मारून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावं. खोबरेल तेल, अत्तर, सॅनिटायझर यातलं काही घालू नये. तेलावर धूळ बसते आणि पट्टी कायमची जाते.

ज्यांच्याकडे साधा मल्टिमीटर आहे त्यांनी दोन मापं घ्यावीत. हेडफोन कशालाही न लावता त्याच्या पिनचं टोक आणि मूळ यांत ओहम मोजावेत, मग कडी आणि मूळ यांत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि डब्यावर छापलेल्या ओहमच्या आसपास यायला हवेत. मोजताना केबल पिनेजवळ वाकवली आणि आकडा उड्या मारू लागला, तर तार तिथे तुटली आहे. दुसरं माप अ‍ॅम्प्लिफायरचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. काहीही न वाजवता, बटण शून्यावर ठेवून, बाहेर येणाऱ्या जॅकवर डीसी व्होल्टेज मोजावं. काही मिलिव्होल्ट असेल तर काळजी नाही. पन्नासच्या वर सतत राहत असेल तर यंत्र दाखवावं. आणि व्होल्टच्या घरात गेलं तर त्याला हेडफोन लावूच नये. आतला भाग खरंच गेलेला आहे आणि तो हेडफोनची कॉइल जाळू शकतो. डबा विनाकारण तापणं, जळका वास येणं, बॅटरीवरही न थांबणारी घरघर, ही खऱ्या बिघाडाची लक्षणं, आणि तेव्हा ‘बोर्ड गेला’ हे उत्तर मी मान्य करीन. संशयित यंत्र तपासताना कानाला मात्र स्वस्तातले जुने इअरफोन लावावेत, तेही बटण शून्यावर आणून यंत्र चालू केल्यावर.

बॅटरीबद्दल विस्ताराने लिहायला हवं, कारण चांगली यंत्रं सर्वांत जास्त तिच्यामुळे फेकली जातात. अशा बहुतेक यंत्रांत ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट. साधारण तीनशे ते पाचशे वेळा भरून-उतरून झाली की तिची क्षमता घटते. हा बिघाड नाही, तिचा स्वभाव आहे. लक्षणं फसवी असतात: मोठ्या आवाजाच्या जागी गाणं फाटतं, तबल्याच्या तिहाईला यंत्र बंद पडतं, आणि माणसाला वाटतं की अ‍ॅम्प्लिफायर गेला. चार्जर लावल्यावर तीच जागा नीट वाजली तर संशय बॅटरीवरच घ्यावा. नवी बॅटरी काही शे रुपयांत येते. पण कंपन्या ती गोंदाने चिकटवून ठेवतात, सुटी विकत नाहीत आणि तिचा क्रमांकही सांगत नाहीत. डबा फुगलेला दिसला तर मात्र तो क्षणभरही चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये, घंटागाडीत टाकू नये. अशी बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते आणि सफाई कामगारांच्या जिवावर बेतू शकते. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यावी.

आता कंपन्या आणि सरकार यांच्याकडे माझं जे मागणं आहे त्याकडे वळते. यंत्राची आकृती लोकांना दिली तर काय होतं, याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. २०११ साली एका अभियंत्याने स्वतःचं नाव न सांगता, ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने, ‘ओ-टू’ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचं पूर्ण सर्किट, सुट्या भागांची यादी आणि मोजमापं जाहीर केली. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर तो चालतो. पुढच्या वर्षी तो अभियंता लिहायचाच थांबला. तरीही त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आज कुणीही दुरुस्त करू शकतो, कारण कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या पाठीच्या पुठ्ठ्यावरही कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याची आकृती चिकटवलेली असे. कंपनीचा धंदा त्याने बुडाला नाही. गावोगावी मेकॅनिक मात्र तयार झाले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण तिथे माहिती देणं कंपन्यांच्या मर्जीवर राहिलं तर माझ्यासारखीला उपयोग नाही. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. याच कंपन्या आपल्याकडेही माल विकतात. तिकडच्या ग्राहकाला उघडणारा डबा आणि इकडच्याला गोंदाने बंद केलेला, हे आपण का चालवून घ्यावं? अशीच तरतूद आपल्याकडेही व्हावी. बॅटरीचा क्रमांक आणि जॅक, बटण, खटका या झिजणाऱ्या भागांची माहिती तरी डब्यातल्या कागदावर छापणं सक्तीचं करावं.

सेवा केंद्रांसाठीही एक साधा नियम हवा. ग्राहकाला नकार देताना काय तपासलं आणि किती आकडा आला, हे जॉबकार्डावर लिहून द्यावं. कोणता भाग गेला हे लिहावं लागलं तर तो शोधावाही लागेल. ग्राहकांनीही बिल मागून घ्यावं. बिल न देणं, तसंच सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

शेवटी आपल्याला एक विनंती. कथलाचा जोड नजरेने ओळखणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत अजून आहेत, बहुतेकांनी साठी ओलांडली आहे आणि दुकानावर आता मोबाईल रिचार्जची पाटी आहे. आपल्या जिल्हा पुरवणीत आठवड्यातून एकदा, त्यांच्या संमतीने, अशा दुरुस्ती करणाऱ्यांचं नाव, ठिकाण आणि ते काय काय दुरुस्त करतात एवढं छापावं. रत्नागिरी जिल्ह्यातली माहिती गोळा करायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे.)